अर्धा श्वास मागे

तै, म्हणजे इकडचा पोंगलचा महिना, लागला की तंजावरहून पापनाशमला जाणाऱ्या रस्त्यावर भाताचा पेंढा पसरलेला असतो. झोडपणी झाली तरी काड्यांत चार दाणे अडकून राहतातच. ते सुटावेत म्हणून शेतकरी पेंढा सरळ डांबरी रस्त्यावर टाकतात आणि उरलेली मळणी येणाऱ्या-जाणाऱ्या बसवर सोपवतात. बस पेंढ्यावर चढली की तिचा सगळा खडखडाट खाली बसतो. खिडक्या गप्प, पत्रा गप्प, कंडक्टरसुद्धा आवाज उतरवतो. पेंढा संपला की पुन्हा खडखड सुरू. मधल्या त्या मऊ तुकड्यात मला दरवर्षी माझी चुलत बहीण गिरिजा आठवते. आठवते म्हणणं हा माझा सभ्यपणा झाला. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो पिकासारखा अगदी वेळेवर येतो.

वय वाढलं की म्हणे असल्या गोष्टी गळून पडतात. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पूर्वी ज्यांचा राग यायचा त्यांची नावंही आता पटकन आठवत नाहीत. हेवा तेवढा ताजा आहे. बाजारात नवे ऊस आले, पानांसकट हळदीची रोपं दिसली, दारातल्या रांगोळीवर शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल दिसलं, की बाकीच्यांना पोंगल आठवतो. मला भाताच्या गिरणीतली एक शेड आठवते आणि जीव जळतो.

आम्ही तंजावरचे. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. घरात आम्ही जे बोलतो ते ऐकून माझ्या पुण्याच्या सासरची माणसं आधी दचकली, मग हसली. लिहिण्याची ही मराठी मी तिथेच गिरवली. पण ज्या हंगामाबद्दल सांगते आहे तेव्हा पुणं अजून लांब होतं. माझं लग्न व्हायचं होतं आणि गावात माझी ओळख एकच होती: व्हायोलिन शिकवणाऱ्या अण्णांची मुलगी, गावातली सर्वांत भरवशाची साथीदार.

साथ म्हणजे काय, हे आमच्याकडच्या मैफिलीत न बसलेल्याला सांगायला हवं. गाणारा रागाची बढत करतो तेव्हा पुढे काय गाणार हे त्यालाही धड ठाऊक नसतं. शेजारी बसलेल्या व्हायोलिनवाल्याने तो जे गाईल ते लगेच, त्याच्या पाठोपाठ उमटवत जायचं. फार मागे राहिलात तर भांडण वाटतं, बरोबर गेलात तर उर्मटपणा होतो. "अर्धा श्वास," अण्णा म्हणायचे. "पुरता नको. अर्धा." व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून, मान कलती ठेवून, मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या गळ्याकडे बघत आले. गाणाऱ्याच्या कंठाची घाटी हलली की माझं बोट आधीच वाटेत असायचं. तिरुवैयारूच्या उत्सवात मोठमोठे गवई माझी साथ मागून घेत. अण्णा पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायचे. त्यांचा हात माझ्या एकाही मैफिलीत चुकला नाही, थांबलाही नाही. त्याचा मला अभिमान होता.

गिरिजा अण्णांच्या धाकट्या भावाची मुलगी. आम्ही एकाच घरात वाढलो, एकाच चटईवर शिकलो. शिकलो म्हणजे मी शिकले. तिचं लक्ष खिडकीबाहेर. रस्त्यावरून भाजीवाली "कीरै, कीरै" करत गेली की ही धड्यातला स्वर अर्धवट टाकून भाजीवालीला व्हायोलिनवर ओ द्यायची. भाजीवाली थांबायची, वर बघायची, आणि मुद्दाम पुन्हा ओरडायची. सगळा वर्ग हसायचा. अण्णा बोट दाखवून म्हणायचे, "गिरिजे, बाहेर बैस." ती आनंदाने बाहेर बसायची. पुढे ती विमा कचेरीत चिकटली, आणि व्हायोलिन कपाटावर गेलं ते फक्त सरस्वतीपूजेला खाली यायचं. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचं काही कारणच नव्हतं. तेवढं एक सुख मी मनसोक्त भोगलं, इतकंच म्हणायचं.

ती वर्षं अशी होती की काहीही कुठूनही यायचं. गच्च्यांवर एकाएकी ताटाएवढ्या आणि परातीएवढ्या टीव्हीच्या डिश उगवल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी पेयाच्या बाटल्या थंडीच्या दिवसांतही बर्फात उभ्या असायच्या. परदेशी फोन लावायला बूथ आले आणि त्यांच्या काचेआड लोक उगीचच ओरडून बोलायचे. पापनाशम रस्त्यावरच्या गिरणीमालकाने नवी यंत्रं आणून मागे नवी इमारत बांधली, आणि जुनी पत्र्याची शेड रिकामी पडली. त्या रिकाम्या शेडवर माझ्या भीमराव मामाचा डोळा गेला. मामा कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि जगात कुठे काय नवीन चाललं आहे याची त्याला कायम उत्सुकता लागलेली असायची. त्याच्या ओळखीचे हॉलंडचे तीन वादक देशात फिरत होते. ठरलेलं काहीच वाजवायचं नाही, समोर बसल्यावर सुचेल ते वाजवायचं, असं त्यांचं संगीत. मामाने पोंगलनंतरचे दोन दिवस धरले आणि त्या शेडमध्ये छोटासा उत्सव मांडला.

"ते येथल्या एका वादकास सोबत नेणार," मामाने घरी येऊन सांगितलं. "आधी पाँडिचेरी, मग मद्रास, मग त्यांच्या गावास. मी तुझं नाव सांगिटलं. दुसरं कोण आहे येथे?"

दुसरं कोण नव्हतंच. मी मान खाली घालून बसले खरी, पण मनात विमानात बसून झालं होतं. इतकं की मी उटीहून आलेल्या एका मैत्रिणीकडून मोरपंखी लोकर मिळवली आणि स्वेटर विणायला घेतला. तंजावरात स्वेटर! आम्मा म्हणाली, "हे घालून तू स्वैंपाकघरात उभी राहिलीस तर उकडून निघशील." गिरिजा टाक्यांकडे बघून म्हणाली, "अक्का, गळा जरा मोठा ठेव. तिकडे अस्के जाड कपडे आत घालतात म्हणे." अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. मी गळा मोठा ठेवला. तिचं ते वाक्य नंतर मला फार छळणार होतं.

पहिला दिवस. शेडच्या पत्र्याला बारीक भोकं पडलेली, त्यांतून उन्हाच्या काड्या खाली उतरलेल्या आणि त्यांत जुन्या कोंड्याची धूळ तरंगत असलेली. नव्या तांदळाचा वास मागच्या इमारतीतून येत होता. पुढे चटयांवर गावातले जाणते रसिक, अण्णा मधोमध. सगळ्यांचे हात ताल धरायला मांडीवर तयार. हॉलंडच्या तिघांतला म्होरक्या यान, उंच, उघड्या पायांचा, सॅक्सोफोनवाला. बाकीचे दोघे त्या दिवशी बाजूला बसून होते. मी नेहमीसारखी खाली बसले, व्हायोलिन पावलावर टेकवलं आणि यानच्या गळ्याकडे बघायला लागले.

त्याने एक तुकडा वाजवला. अर्ध्या श्वासाने मी तोच वाजवला. त्याने हसून दुसरा टाकला, वाकडा, घसरता. मीही घसरले, बरोबर तेवढीच. त्याने स्वर चिरडला, मी चिरडला. तो थांबून नुसत्या कळा खटखटवत राहिला, तर मी गजाच्या काठीने लाकडावर खटखट केलं. मग त्याने वाद्यात साचलेली ओल उडवायला नुसती हवा फुंकली, फुस्स करून. ते वादन नव्हतं, घरकाम होतं. मी गज तारेवर आडवा सरकवून तेही काढलं, फुस्स. चटईवरून एकच गजर झाला, "भेष! भेष!" असली साथ त्या लोकांनी जन्मात ऐकली नव्हती. मला घाम फुटला होता आणि मी खूश होते. यानचा चेहरा मात्र वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता. तो पळायला बघत होता आणि मी त्याच्या मागे होते.

संपल्यावर तो मामाशी बराच वेळ बोलला. मामा माझ्याकडे येऊन म्हणाला, "तू फार हुशार आहेस म्हणतो."

"आणखी काय म्हणतो?"

मामाने चष्मा पुसला. "तुझं स्वतःचं कधी वाजवशील, विचारतो. म्हणे आरशासमोर बोलल्यासारखं झालं."

"तो वाजवेल ते मी वाजवलं. चुकलं कोठे?"

"चुकलं नाहीच की, बाळ," मामा म्हणाला, आणि तीच अडचण आहे हे त्याला सांगायचं होतं.

गिरिजा तेव्हा आमच्यासाठी कॉफीचा थर्मास आणि अंबटीभाताचा डबा घेऊन आली होती. ती शेडच्या दाराशी उभी राहून हसत होती. मला वाटलं मला हसते आहे. तिचं लक्ष भलतीकडेच होतं. पत्र्याखाली पारव्यांचं एक जोडपं घुमत होतं आणि ही घशातल्या घशात त्यांना उत्तर देत होती. यानने ते ऐकलं. त्याने मामाला विचारलं, ही काही वाजवते का? मामा खोटं बोलू शकला असता. बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर गिरिजा बसली. कपाटावरून काढलेलं व्हायोलिन, नव्या तारा माझ्याच डब्यातल्या, साडी कचेरीची. मी पहिल्या रांगेत अण्णांच्या शेजारी. माझ्या मनात जे होतं ते सांगते: ती पडावी. सपशेल पडावी, मग मी तिला सांभाळून घेईन, सगळ्यांसमोर.

यानने एक लांबच लांब, फाटका आवाज काढला आणि सोडून दिला. गिरिजा काहीच करीना. व्हायोलिन पावलावर टेकवून, गज मांडीवर ठेवून नुसती बसली. मला वाटलं घाबरली. चटईवर कोणी खोकलं. बाहेर रस्त्यावर तंजावरकडून बस येत होती, तिचा खडखडाट वाढत चालला होता, आणि तिथे, गिरणीच्या समोरच, कोणी तरी पेंढा पसरला होता. बस पेंढ्यावर चढली. खडखडाट बसला. आणि त्या मऊ झालेल्या जागेत गिरिजाने सर्वांत जाड तारेवर गज टेकवला.

एकच स्वर. सरळ. आमच्याकडे स्वर असा उघडाबोडका कोणी ठेवत नाही, त्याला हलवतात, झुलवतात. अण्णांनी वर्गात असा स्वर कधी चालू दिला नव्हता. तिने तो तसाच धरून ठेवला, बस पेंढ्यावरून जात होती तोवर. पेंढा संपला, खडखडाट पुन्हा उठला, आणि ज्या क्षणी तो उठला त्या क्षणी तिने गज उचलला. जणू बसला म्हणाली, घे, आता तुझी पाळी. यान मोठ्याने हसला आणि बस गेली त्या दिशेने त्याने सॅक्सोफोन उचलला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सगळं मला सांगता येणार नाही. पारवे त्यात होते, पत्र्यावर वाळत टाकलेल्या चिंचा खाली पडत होत्या त्यांचा आवाज होता, एका रसिकाने नाक शिंकरलं तेही कुठे तरी बसून गेलं. ती मधूनच गप्प व्हायची आणि तिचं गप्प होणंसुद्धा ऐकू यायचं. मी दोष शोधत होते. दोष भरपूर होते. तिचा गज कापत होता, बोटं आखूड पडत होती, दोन ठिकाणी तर ती साफ बेसूर होती. मी एकेक टिपून घेत होते आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता. जन्मभर मी त्या रस्त्याने तशाच बसमधून गेले होते. पेंढ्यावर आवाज बसतो हे माझ्या तीक्ष्ण, तालीम झालेल्या, गावात नावाजलेल्या कानांना कधी ऐकू आलं नव्हतं.

मग माझी नजर अण्णांच्या हाताकडे गेली. सुरुवातीला तो ताल शोधत होता. आदिताल धरला, सोडला, दुसरा धरून पाहिला, तोही सोडला. आणि मग थांबला. मांडीवर उताणा पडून राहिला, तळवा वर, बोटं सैल. माझ्या एवढ्या मैफिलींत जो हात एकदाही थांबला नाही तो तिथे थांबला होता. अण्णा मोजत नव्हते. नुसतं ऐकत होते. माझ्यासाठी त्यांनी कधी मोजणं सोडलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि जे पोटात दुखायला लागलं ते आजतागायत दुखतं आहे.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गिरिजेस ताल नाही. शिकवायचा राहून गेला." मला घटकाभर इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते पुढे म्हणाले, "बरं झालं."

यानने सोबत न्यायला गिरिजाला निवडलं. तिला काही मिळालं याचं दुःख नव्हतं. तिला सुखाची नोकरी मिळाली असती, चांगलं स्थळ मिळालं असतं, तर मीच पेढे वाटले असते. पण तिला नेमकं तेच मिळालं ज्यासाठी मी राबले होते, आणि तेही न राबता. मी मन लावून शिकले म्हणून अडकले, ती बाहेर बसली म्हणून सुटली. यात न्याय कुठे आहे, हे मी देवाला बरेचदा विचारलं आहे. बृहदीश्वराच्या देवळातला एवढा मोठा नंदी, तोही कधी मान वळवून बघत नाही.

गिरिजा निघायच्या आदल्या दिवशी आम्माने तिची पेटी भरताना सहज म्हटलं, "तो स्वेटर तुज कशास आता? तिला दे की. वाया जाईल."

मी दिला. बाही पुरी व्हायची होती, ती बसून पुरी करून दिला. गिरिजाने अंगात घालून पाहिला. मोठा ठेवलेला गळा तिला अगदी बरोबर बसला.

"अक्का, तुज राग आला का?" तिने स्टेशनवर विचारलं. आली होती खरंच विचारायला, डोळे भरून.

"राग कशास येईल?" मी म्हटलं. राग आला नव्हताच. रागाला निदान भांडता येतं.

मग वर्षं गेली. ती तिकडचीच झाली. तिचा एक फोटो आला, बर्फात उभी, मोरपंखी स्वेटर घातलेली, तोंडातून वाफ निघते आहे. आम्माने तो फोटो दिवाणखान्यात लावला, माझ्या तिरुवैयारूच्या फोटोच्या वर. मी लग्न होऊन पुण्याला गेले, नवऱ्याची बदली झाली तशी परत आले, अण्णा गेले, आणि अण्णांच्या चटईवर मी शिकवायला बसले. मुलं येतात. मी त्यांना सांगते, अर्धा श्वास. कोणी खिडकीबाहेर बघायला लागलं तर मी बाहेर बसवत नाही. भीती वाटते.

या वर्षी पोंगलला गिरिजा आली. तिचेही केस पिकले आहेत, त्याने मला थोडं बरं वाटलं. मुलांना सुट्टी होती. दुपारी ती चटईवर पाय पसरून बसली, ओल्या खोबऱ्याची वडी खाता खाता भिंतीकडे बघत राहिली.

"तिकडे कसं असतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"अस्के पुढेच असतात, अक्का," ती म्हणाली. "जो तो आपलं वाजवतो आणि जातो. मी काही वाजवलं तर ते गेलं ते गेलंच. लहानपणी मी येथे काही वेडंवाकडं वाजवलं की तू मागून तेच वाजवायचीस, आठवतं? मज चिडवायास. तेव्हा मज कळायचं, मी काय वाजवलं ते. तसं मागून कोणी येत नाही तिकडे."

तिची कीव यायला हवी होती. येतही होती, पण हेवा तिच्या आधी उठून बसला. एवढं जग पाहून आलेल्या बाईने एकटेपणासुद्धा किती चांगला मिळवला होता.

"वाजवू की," ती म्हणाली.

"सरी, बरं. तू हो पुढे." माझं बोट आपोआप वाटेत.

"नको. आज तू पुढे हो. मी मागून येते."

मी व्हायोलिन पावलावर टेकवलं, गज उचलला, आणि कोणाच्या गळ्याकडे बघायचं ते मला कळेना. समोर कोणीच नव्हतं. शेजारच्या घरात कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता, त्या शिट्टीसाठी थांबावं असंही मनात आलं. मग थांबले नाही. जाड तारेवर एक स्वर ठेवला. सरळ. त्याला हलवायला बोट शिवशिवत होतं, हलवलं नाही. तिथून पुढे मी कुठे गेले ते मला सांगता येत नाही, कारण ते मी आधी कधी कोणाकडून ऐकलेलं नव्हतं.

मागून गिरिजा आली. उशिरा आली, पुरत्या श्वासाने, मग घाई करून माझ्या अंगावर आदळली, मग हरवली. तिला मागे राहता येत नव्हतं. एवढी नावाजलेली बाई, आणि तिला अर्धा श्वास सापडत नव्हता! कपाळावर घाम, जीभ दाताखाली, डोळे माझ्या बोटांवर खिळलेले. मला आनंद झाला. लाज वाटावी असा, पोटभर. वाजवता वाजवता मी हसत होते.

"अक्का, थांब की," ती ओरडली, "मज सापडत नाही!"

मी थांबले नाही.